उजवीकडून एक

नाव लक्ष्मण, पण इथं बजाजनगरात मला कुणी लक्ष्मण म्हणत नाय, सगळे मिस्तरीच म्हणतात. मूळचा मी पाचोडकडचा. पाचोडही नाय, त्याच्या पुढं दोन कोसावर आमची वस्ती, पण वस्तीचं नाव सांगून कुणाला कळत नाय म्हणून पाचोड म्हणायचं. आमच्यात मेंढरं. आज्यानं वळली, बापानं वळली, मीही वळली. बघणाराला शंभर मेंढरं सारखी दिसतात, पण काय सांगू तुम्हाला, आम्हाला एकेक वेगळं कळायचं, कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं हे नुसतं पाठीवर हात फिरवला तरी कळायचं. एकीचं कोकरू दुसरीला लावलं तर ती पाजत नाय, ढुशी मारते. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि मेंढरं गेली. काही मेली, काही पाचोडच्या बाजारात येईल त्या भावाला दिली. बाप खडी फोडायला गेला आणि मला म्हणाला, तू शहराकडं जा, इथं दोघांनी खडी फोडून काय होतंय. माझं लग्न झालेलं, बावीस-तेवीसचा असेन मी, पण हाताला कसलं काम येत नव्हतं. औरंगाबादला आलो, तवा औरंगाबादच म्हणायचं, आठ दिवस शहागंजाच्या आसपास हिंडलो, आणि मागच्या बोळीत हमीद उस्तादचं गॅरेज होतं तिथं उभा राहिलो. उस्ताद म्हणाले, क्या आता तेरेकू? मी म्हणलं, मेंढरं वळता येतात. ते इतके हसले, इतके हसले की हातातला पाना खाली पडला. म्हणाले, हौ, बैठ, ये भी मेंढ्याच हैं, चार पाव के.

उस्ताद निजामाच्या वक्ताचा माणूस. तवाच्या बसगाड्यांच्या वर्कशॉपात शिकलेले, पोलीस अॅक्शननंतर त्यांचे भाऊ निघून गेले, हे राहिले. मी विचारलं एकदा, तुम्ही का नाय गेलात, तर म्हणाले, गाडी खोलेली थी किसी की, बांधे बगैर कैसा जाता? खरं होतं का थट्टा, मला शेवटपर्यंत कळलं नाय. शाळा त्यांची उर्दूत झालेली. हिशेबाची वही नव्हती, पण खोललेल्या गाडीची एक चिठ्ठी लिहायचे, त्या काड्या-ठिपक्यांतलं मला काही उमगायचं नाय. दोन वर्षं मी त्यांच्याकडं फक्त धुणं केलं, रॉकेलात भाग धुवायचे, पुसायचे, पाने हातात द्यायचे. आमच्यात इंजिन जोडलं म्हणत नाय, इंजिन बांधलं म्हणतात, आणि बांधणं उस्तादच्या हातचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय.

सोनाजी म्हणून एक टॅक्सीवाला होता. जुनी काळी मोटार, स्टेशनावरून पाहुणे घेऊन वेरूळला जायचा, घरात खाणारी सात तोंडं आणि कमावणारी ती एक गाडी. गाडी पार थकली होती. ऑइल प्यायची, मागून धूर असा की मागच्या सायकलवाल्यानं शिव्या द्याव्यात, आणि दौलताबादच्या चढावर पाहुण्यांना उतरून चालावं लागायचं. सोनाजी म्हणायचा, उस्ताद, पाहुणे म्हणतात लेणी बघायला आलो का ढकलायला आलो. इंजिनाचं सगळं नवं टाकायची त्याची ऐपत नव्हती. मग उस्तादनी गरिबाचं काम काढलं, म्हणजे नव्या फक्त रिंगा टाकायच्या, बाकी आहे त्यालाच राजी करायचं.

आता हे राजी करणं कसं ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. पिस्टनचा रॉड खाली क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, धरतो, आणि त्याच्या खालून एक अर्धी लोखंडी कमान बोल्टानं कसतात, तिला कॅप म्हणतात. चार पिस्टन, चार रॉड, चार कॅपा. क्रँक झिजली की तिथं ढिलेपणा येतो, आवाज येतो. पैसा असला तर क्रँक घासून नवी बेअरिंगं टाका. पैसा नसला तर उस्ताद काचेवर पॉलिश पेपर ठेवून कॅपची तोंडं घासायचे, जरा घासायची, लावून बघायची, पुन्हा काढायची, पुन्हा जरा घासायची. चार कॅपांचा झिजवा वेगळा म्हणून घासणंही वेगळं, कुणाची केसभर, कुणाची दोन केस. सगळं हाताच्या अंदाजावर. दोन दिवस घासत होते. म्हणजे बघा, चार कॅपा दिसायला सारख्या, पण जिची तिलाच बसणार. माझ्या कोकरांसारखं.

एरवी कॅपांवर ठिपक्यांची खूण ठोकलेली असते, एक ठिपका, दोन ठिपके. पण सोनाजीची गाडी आधी तीन मिस्तऱ्यांनी खोललेली, प्रत्येकानं आपापली खूण ठोकलेली, एका कॅपवर दोन ठिपकेही आणि तीनही. उस्ताद म्हणाले, ये गवाहां सब झूठे हैं, इनकी मत सुन. शेवटी चारही बसवून बघितल्या, इंजिन हातानं फिरवायचं पुढचं हँडल फिरवून बघितलं, खूश झाले, आणि घासल्याची बारीक कणी राहू नये म्हणून चारही काढून धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडल्या. तेवढ्यात खुलताबादहून निरोप आला, त्यांची चुलत बहीण वारली. मातीला जाणं भागच होतं. सोनाजी तिथंच बसलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पाहुणे घेऊन जायचं होतं, तो उस्तादच्या तोंडाकडं बघायला लागला. उस्तादनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, लखमन, कैपां तू कस दे. नंबर से रखेला है, एक से शुरू कर.

दोन वर्षांत पहिल्यांदा. पहिल्यांदा मला म्हणाले तू बांध. मला इतका आनंद झाला की मी एक अक्षर विचारलं नाय. गाडीखाली पडलो, गोणपाट शेजारी ओढलं, आणि डावीकडून एक, दोन, तीन, चार, अशा कॅपा घेऊन रेडिएटरच्या बाजूनं लावत गेलो. चांगल्या कसल्या. खालचं ऑइलचं चेंबर बंद केलं, ते बंद करायला सांगितलं नव्हतं, पण म्हणलं उस्ताद येतील आणि बघतील, पूर्ण झालेलं बघतील. हँडल फिरवलं तर कडक होतं. पण नव्यानं बांधलेलं इंजिन कडकच असतंय, हे मला ठाऊक होतं, तेवढंच ठाऊक होतं.

दिवस मावळायच्या आत उस्ताद आले. डोळे लाल, कपड्यावर मातीची धूळ. हँडल फिरवलं, थांबले, म्हणाले, जरा सख्त है. बराबर लगाया ना? मी म्हणलं, व्हय, नंबरनं. गाडी चालू केली, आवाज मऊ आला. सोनाजीनं माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, धनगराच्या, हात चांगलाय तुझा.

तिसऱ्या दिवशी दौलताबादच्या चढावर रॉड तुटला आणि इंजिनाचा ब्लॉक फाडून बाहेर आला. पाहुण्यांना काही झालं नाय, देवाची कृपा. गाडी बैल लावून आणली. सोनाजी बोळीच्या तोंडापासून ओरडत आला, म्हातारपणी डोकं फिरलं का तुमचं, माझी लेकरं काय खातील आता, हे ब्लॉकचं भोक खातील का. उस्ताद सरळ गाडीखाली गेले, उरलेल्या कॅपा काढल्या, दोन जळून काळ्या पडल्या होत्या, आणि एकेक काढून गोणपाटावर ठेवायला लागले. आणि ठेवता ठेवता तोंडानं मोजत होते, एक, दो, तीन. मी बघत होतो. पहिली त्यांनी गोणपाटाच्या उजव्या टोकाला ठेवली. दुसरी तिच्या डाव्या बाजूला. तिसरी तिच्याही डाव्या बाजूला.

उर्दू लिहिणाराचा हात, साहेब. उजवीकडूनच जाणार. माझं आपलं चौथीपर्यंतचं मराठी, डावीकडून. एकाच्या जागी चार, दोनाच्या जागी तीन. सगळी कोकरं मी उलट्या मेंढ्यांना लावली होती.

बोलायचं ते तिथंच बोलायला हवं होतं. पण सोनाजी समोर उभा, हातात हँडल घेतलेलं, मला वाटलं माझं डोकं फोडतो, आणि डोकं नाय फोडलं तरी उस्ताद हाकलतील, मग परत पाचोड, परत खडी. मी गप राहिलो. आणि उस्ताद बसले तसेच, जळालेली कॅप हातात घेऊन अंगठा फिरवत राहिले, फिरवत राहिले. मग म्हणाले, सोनाजी, तेरी गाडी मैं मारा. ज्यादा घिस दिया मैं. मेरा हात झूठ बोलने लगा.

उस्तादची स्वतःची एक मोडकी मोटार होती, त्यांच्या बायकोला बसवून एकदा वेरूळला न्यायचं म्हणून जपलेली. बायको आधीच वारली होती. त्या मोटारीचं इंजिन काढून त्यांनी सोनाजीला दिलं. पण बांधायला बसले नाय. स्टुलावर बसले आणि म्हणाले, तू बांध. मी बांधलं. ह्या वेळी चार वेळा विचारून बांधलं, आणि ती गाडी पुढं कैक वर्षं चालली, आणि लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचा हात गेला पण पोराचा हात लई चांगलाय. माझं नाव झालं ते असं झालं.

त्यानंतर उस्तादनी पान्याला हात लावला नाय. वर्षाच्या आत गॅरेज बंद केलं, पाने मला दिले. त्यांच्या लेकीनं, रेहानाआपानं, डॉक्टरला दाखवलं, डॉक्टरनं बोटं दाबून बघितली, म्हणाला हात ठणठणीत आहे. उस्ताद म्हणाले, डॉक्टर कभी कैप घिसा क्या? मी ईदला जायचो. तर सदऱ्याची गुंडी लावली तरी लेकीला विचारायचे, बेटी, बराबर लगी क्या? चहाचा कप धरला तरी आधी दुसऱ्या हातानं चाचपायचे. ज्या हाताला केसाचा फरक कळायचा तो हात. दर वर्षी ठरवून जायचो की आज सांगायचं. एकदा सुरुवात केली, म्हणलं, उस्ताद, त्या सोनाजीच्या गाडीत ना. तर हात वर करून म्हणाले, छोड, वो मेरा गुनाह है, तू कायकू दिल छोटा करता. तेवढ्यात आपा शीरखुर्मा घेऊन आली. मी शीरखुर्मा खाल्ला आणि आलो.

पुढच्या ईदला ते नव्हते. खांदा दिला मी. कबरीवर माती टाकतानाही ओठावर आलं होतं, पण माती ऐकून काय करणार.

आता माझंच वय झालंय. नव्या गाड्या माझ्याकडं येत नाय, त्यांना संगणक लावून बघतात. माझ्याकडं येतो तो कंपनीतून कमी झालेला कामगार, जुनी गाडी घेऊन, म्हणतो, मिस्तरी, कमीत कमीत काय होईल ते करा. मी करतो. बांधायला बसलो की गोणपाट अंथरतो आणि उजवीकडून मांडतो, एक, दोन, तीन, चार. शेजारचा वेल्डिंगवाला हसतो, म्हणतो मिस्तरी उलटं मोजतात. मी म्हणतो, व्हय बाबा, माझंच उलटं.

बायकोलाही हे कधी सांगितलं नाय. तुम्ही लिहून घेताय म्हणून बोललो. रेहानाआपा आहे अजून, सोयगावला लेकाकडं असते, डोळ्यांनी अधू झालीय, आणि तिला मराठी वाचता येत नाय, तिचंही उर्दूच. पण तिच्या नाती मराठी शाळेत जातात, त्या वाचून दाखवतील. तेवढ्यासाठी एक ओळ नीट लिहा, चांगली मोठ्या अक्षरात लिहा. म्हणावं, आपा, तुमच्या अब्बांचा हात कधी खोटं बोलला नाय. खोटं मी बोललो, व्हय, नंबरनं, असं म्हणालो ते, आणि उलटं लागलंय हे कळल्यावरही गप राहिलो ते. मला माफ करा म्हणू नका, माफी मागायचा मला हक्क नाय, फक्त हाताचं तेवढं सांगा.

तुमचं चांगलं होवो. जाताना तो दिवा चालू करा, मला चार कॅपा लावायच्या राहिल्यात.