दोन डब्यांवरच्या चिठ्ठ्या

हॅलो?… कोण, धाकटी? बरं झालं तूच फोन केलास. आमच्या सूनबाईंचं वागणं ऐक. दोन दिवस ताटाला हात नाही. मी वाढायचं, तिनं झाकून ठेवायचं. माझ्या घरात अन्नावर राग काढलेला मला चालत नाही…

नाही गं, माझ्याशी कसलं भांडण. त्या डब्यांपायी. स्वयंपाकघराला लागून खोली नाही का, तिथं घूं घूं करत बसलेले दोन काळे डबे… हो, सर्व्हर. तेच.

ऑफिसचं? छे. ही सगळी हौशी माणसं. कुठकुठली, एकमेकांचं तोंड न पाहिलेली. आंधळ्या माणसाला कॉम्प्युटर सगळं वाचून दाखवतो ना, त्याचा प्रोग्राम लिहितात. फुकट. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा. सूनबाई त्यांच्यातलीच, म्हणून लिहिलेलं ठेवायची जागा आमच्या घरी… नऊ वर्षांचं लिखाण गं.

परवा सकाळी हिनं जुना डबा पुसून कोरा केला, वाचनालयाला द्यायचा म्हणून. तो निघाला चालू डबा… हो, सगळं गेलं. जुन्यात होतं ते दोन वर्षांमागचं. पोरगी पांढरीफटक. तशीच बसली आणि सगळ्यांना पत्र लिहिलं, माझ्या हातून पुसलं गेलं म्हणून.

हळहळू नकोस, मिळालं… हो, हो… अगं ऐक ना. त्यांच्यात रीतच अशी, काम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अख्खी नक्कल. पहिल्या ओळीपासून. एक पियानो दुरुस्त करणारा आहे, त्याला स्वतःला दिसत नाही. त्यानं आदल्याच संध्याकाळी ताजी नक्कल घेतलेली. आज सकाळी पाठवली, दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला बघ.

गेलं ते एवढंच, कुणी काय तक्रार केली, त्यावरून कोण कुणाशी भांडलं. ते फक्त आमच्याकडे होतं. नऊ वर्षांची भांडणं गेली. मी म्हटलं, घर हलकं झालं.

मग जेवत का नाही? तेच तर. म्हणते, चिठ्ठी वाचून डबा उचलला, तरी चुकले कशी. आता माझ्यावर भरवसा नको, डबे दुसऱ्या कुणाकडे द्या…

कसली म्हणजे? डब्यांवरची चिठ्ठी. एकावर ‘जुना’, एकावर ‘चालू’… रविवारी मी ओल्या फडक्यानं पुसले, तेव्हा निघून आल्या… मग काय, लावल्या परत…

कुठली कुठल्यावर, ते कसं बघणार?

चष्मा नव्हता… बरं, असता तरी मला अक्षर लावायला वेळ लागतो, तुला माहीत आहे. विचारायचं कुणाला? सुनेला?… नाही सांगितलं… दोन दिवस… कळतंय मला. तू मोठी की मी मोठी?

थांब. दारात उभी आहे… ऐकलं वाटतं सगळं… नाही, फोन ठेवू नकोस, तूही ऐक.

सूनबाई, इकडे या. चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या. त्या सगळ्यांना तसं लिहा, सासूनं लावल्या म्हणून. डबे या घरातून कुठं जायचे नाहीत. ती चूक माझी, आणि दोन दिवस उपाशी राहिलात ती तुमची. बसा आता. मी वाढते.