वास गेला

बसा लांब, मला राग नाही. चामटोलीत माझा डुकरांचा फार्म आहे म्हटल्यावर चहालासुद्धा लोक खुर्ची मागेच सरकवतात. पण वासाला नावं ठेवू नका.

आमच्या समोर नवी बिल्डिंग झाली आणि फोन सुरू झाले, "दादा, या वासाने घास उतरत नाही." शेवटी माझा मेहुणा उल्हासनगरवरून वास मारायचं औषध घेऊन आला. शेडखाली मोठी टाकी आहे, डुकरांची सगळी घाण तिच्यात जाते. तिच्यात औषध ओतायचं आणि ढवळायचं, एवढंच काम.

झाकण उघडून हा शिडीवरून अर्धा आत उतरला आणि बांबूने तळ ढवळायला लागला. सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी रुमाल लावून शेडबाहेर पळालो. थोड्या वेळाने आतून त्याचा खूश आवाज आला, "भावोजी, वास गेला! एकदम क्लीन!"

मी म्हटलं, "अरे, मला तर इथे बाहेरसुद्धा येतोय."

आतून फक्त बांबू पडल्याचा आवाज आला.

नंतर डॉक्टर म्हणाले, तळ ढवळला की विषारी गॅस वर येतो. तो जास्त झाला की आधी नाक मरतं, मग माणूस.

तेराव्याला बिल्डिंगवाले आले, हात जोडून बसले. निघताना एकाने हळूच विचारलं, "दादा, वासाचं आता काय करणार?"

मी म्हटलं, "येतोय ना तुम्हाला? मग जिवंत आहात."