घसरगुंडीचा निधी

नगरपालिकेत परवान्याचा अर्ज हातात घेऊन टेम्पोवाला ताटकळला होता, पण त्याच्या पुढच्या आजी खिडकी सोडायचं नाव घेत नव्हत्या.

“साहेब, बागेतल्या घसरगुंडीचा पत्रा फाटलाय. नातवाच्या तीन चड्ड्या गेल्या त्यात.”

“दुरुस्तीचा निधी संपलाय, आजी.”

“मग नवीन बसवा.”

“नवीन खेळण्यांना निधी भरपूर आहे. पण ज्या बागेत घसरगुंडी नाही, तिथेच तो वापरता येतो. तुमच्याकडे आहे.”

“कसली आहे? मुलं वर चढतात आणि जिन्यानेच खाली येतात.”

“कागदोपत्री ती घसरगुंडीच.”

“मग काढून टाका.”

“काढायला वेगळा निधी लागतो. तो मंजूर व्हायचाय.”

“आणि चोरीला गेली तर?”

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

“गेली, तर तुमच्या बागेत घसरगुंडी नाही असं होईल. मग नवीन मिळेल.”

“असलं भंगार कोणी नेतं का हो?”

“ते मी कसं सांगणार, आजी? मी सरकारी माणूस.”

आजी सावकाश मागे वळल्या.

“बाळा, बाहेरचा टेम्पो तुझाच ना?”

टेम्पोवाल्याने घाबरून खिडकीकडे पाहिलं. साहेबांनी हात लांब करून त्याचा अर्ज आत ओढून घेतला आणि खाली मान घालून शिक्का मारला.

“गुरुवारी बागेच्या वॉचमनला सुट्टी असते,” ते शिक्क्याशी बोलावं तसं म्हणाले. “आणि नेताच आहात, तर झोपाळाही बघा. त्याच्याही दुरुस्तीला पैसे नाहीत.”