उजवी भुवई

प्रभावती : अगं हळू! भुवई आहे ती, बांधावरचं गवत नाही.

लुंबिनी : आई, अजून दोरा लागलासुद्धा नाही. नुसती पावडर लावलीय.

प्रभावती : पावडर कशाला?

लुंबिनी : घाम टिपायला. नाहीतर दोरा घसरतो. आता एका हाताचं बोट भुवईच्या वर, दुसऱ्याचं पापणीवर. ताणून धरा. सैल सोडलंत तर कातडी सापडेल.

प्रभावती : म्हणजे धरायचंही मीच आणि दुखणारही मलाच. सरकारी योजनाच झाली ही.

लुंबिनी : डोळे मिटा. डावी आधी घेते.

प्रभावती : आई गं! लुंबिनी! अगं, रक्त आलं का बघ.

लुंबिनी : अंहं.

प्रभावती : अंहं काय? तोंड उघडून बोल की.

लुंबिनी : दोरा दातात असतो आई. कसं बोलणार?

प्रभावती : बरं आहे तुझं. दोरा दातात धरला की कुणाला उत्तर द्यायला नको.

लुंबिनी : परवा पार्लरमध्येच करून आला असतात तर माझे दात वाचले असते. मी बुकिंग करून दिलं होतं. दोन दिवस आधीच करायच्या असतात भुवया, उद्यापर्यंत लाली उतरली असती.

प्रभावती : गर्दी होती.

लुंबिनी : दुपारी दोनला? द्वारकेत?

प्रभावती : अगं, त्या पोरीनं मानेला काळा कपडा बांधला आणि विचारलं, "आंटी, घर में शादी है?" मी म्हटलं, हाँ. तर म्हणते, "बेटे की या बेटी की?"

लुंबिनी : मग?

प्रभावती : मग काय. मुलीचं म्हणावं तर मला मुलगी नाही. सुनेचं म्हणावं तर ती दोरा खाली ठेवून अख्खी कथा ऐकत बसली असती. उठले आणि आले.

लुंबिनी : काहीच न बोलता?

प्रभावती : काळ्या कपड्यासकट. आपल्या गेटवर गार्ड म्हणाला, "मॅडम, कटिंग बीच में छोड़ दी क्या?"

लुंबिनी : हसवू नका, हात हलतो माझा.

प्रभावती : चौतीस वर्षं नोकरी केली मी इथे दिल्लीत, मंत्रालयात. पावडर, वेणी, घड्याळ, चलो ऑफिस. भुवया बघितल्या नाहीत कधी. त्या होत्या, बस. आता म्हातारपणी हे.

लुंबिनी : झाली डावी. डोळे उघडा. पुसू नका! टिशू नुसता दाबायचा.

प्रभावती : पाणी आलंय.

लुंबिनी : सगळ्यांनाच येतं. वर्ध्याला हॉस्टेलमध्ये मी अख्ख्या मजल्याच्या भुवया करायचे. धडधाकट मुली, कबड्डी खेळणाऱ्या. घळाघळा पाणी.

प्रभावती : आरसा दे. अय्या. ही कुणाची गं बाई?

लुंबिनी : तुमची. आवडली?

प्रभावती : डावीकडून मी अंडर सेक्रेटरी दिसते आणि उजवीकडून डिस्पॅच क्लार्क. घे आता उजवी.

लुंबिनी : घेते. थोडी लाली उतरू दे. तोवर बाकीचं शिकून घ्या, उद्या सकाळी मला वेळ नसेल.

प्रभावती : हो, उद्या तू नवरी. माझं मला करावं लागणार. मला फार नको शिकवूस. एकच शिकव.

लुंबिनी : काय?

प्रभावती : रडलेलं कळणार नाही, असा मेकअप.

लुंबिनी : तसा नसतो, आई.

प्रभावती : कसा नसतो? एवढ्या डब्या आहेत तुझ्याकडे. परवा एक मी लावून पाहिली, ती बोटभर बाटली. सगळ्या तोंडाला. हे म्हणाले, राखेत तोंड घातल्यासारखी दिसतेस.

लुंबिनी : ते कन्सीलर होतं! तोंडभर नाही लावायचं. अर्धी बाटली कुठे गेली ते आता कळलं. हे बघा. आधी तोंड धुऊन क्रीम. चेहरा कोरडा असला की वरचं सगळं भेगाळतं. मग पाच मिनिटं काहीच नाही करायचं.

प्रभावती : ते जमेल.

लुंबिनी : मग डोळ्यांखाली हे तीन ठिपके. मोहरीएवढे. अनामिकेनं टिपायचं, ते बोट सगळ्यात कमी जोर लावतं. चोळायचं नाही. पोळीला तूप नाही लावत आपण.

प्रभावती : असं?

लुंबिनी : अजून हलकं. झोपलेल्या बाळाचा गाल असतो ना, तसं.

प्रभावती : हं.

लुंबिनी : काजळ फक्त वरच्या पापणीला. खाली घातलंत आणि पाणी आलं तर गालावर उतरेल. भुवईला काळी पेन्सिल नको, ही राखाडी घ्या. पाटीवर रेघ ओढल्यासारखी ओढायची नाही. जिथे केस विरळ आहेत तिथेच बारीक बारीक रेघा, एकेक केस रेखाटल्यासारख्या. आणि बाल्कनीत जाऊन उजेडात बघायचं. ट्यूबलाइट खोटं बोलते.

प्रभावती : एवढं सगळं केलं, आणि विहारात भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं, आणि तुझा हात त्या निखिलच्या हातात दिला, की काय होईल?

लुंबिनी : टिशू. दाबायचा, पुसायचा नाही.

प्रभावती : तुझी आई असती तर ती उभी राहिली असती. मी तिच्या जागेवर उभी राहणार. लोक बघणार माझ्याकडे, ही सासू काय तोंड करून उभी आहे म्हणून. मला तसं तोंड नको करायला. तुझ्या फोटोत तसं तोंड नको.

लुंबिनी : नाही दिसणार तसं.

प्रभावती : पोरगा चांगला आहे गं. आला की चपला रॅकवर नीट लावून ठेवतो. नाहीतर आपला...

लुंबिनी : आपला काय?

प्रभावती : आपला भात उतू जात असेल. बघ जरा.

लुंबिनी : भात सकाळीच झालाय, आई.

सुखदेव : दार उघडं आहे का? काय, मीटिंग अजून चालूच?

प्रभावती : या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

सुखदेव : अरे वा. एक फाइल क्लिअर, एक पेंडिंग.

लुंबिनी : बाबा, तुम्ही पण ना.

सुखदेव : ऐक बेटा. उद्या दोन कॅब सांगितल्यात. तुझे वडील वर्ध्याहून सकाळी नवी दिल्लीला उतरतील, त्यांना घ्यायला मी स्वतः जातो. खीर पन्नास जणांची. मानेसरनंतर घरातलं पहिलंच कार्य आहे, काही कमी पडायला नको.

प्रभावती : नाही पडत कमी.

सुखदेव : परवा गावाहून काकाचा फोन आला होता. म्हणे, सुनेला आपल्या हातानं देतोस? म्हटलं, जय भीम काका, आपल्यात बाईनं कोपऱ्यात बसायचं नसतं. तिशीची पोरगी आहे. मी फोन करून करून स्थळ शोधलं, बिल्कुल लाज नाही मला.

लुंबिनी : बाबा, चहा टाकू?

सुखदेव : नको. ते हे... ते डोळ्यांखाली लावतात ते. पुरुषांना चालतं का?

लुंबिनी : चालतं, बाबा.

सुखदेव : नाही, जागरण झालंय जरा. धावपळ. म्हणून म्हटलं.

लुंबिनी : उद्या मी लावून देईन. कुणाला कळणार नाही.

सुखदेव : ठीक आहे. नोटेड. फोन वाजतोय माझा, मंडपवाला असेल.

प्रभावती : कुठे वाजतोय फोन?

लुंबिनी : जाऊ द्या त्यांना.

प्रभावती : हा बघ, नळ सुटला. दाढी करताना असाच सोडून ठेवतात. अर्धा अर्धा तास. त्यांना वाटतं मला कळत नाही. चल, घे उजवी.

लुंबिनी : आई, निखिलच्या सोसायटीत तुम्ही दर रविवारी यायचं. गुरुग्राम काय लांब नाही, मेट्रो आहे.

प्रभावती : येईन की. पण तिथे गेटवर विचारतात. त्या दिवशी गेलो तेव्हा बघितलं ना? गार्ड मोबाइलवर लिहितो. डिलिव्हरी, मेड, कॅब, गेस्ट. मी यातलं कोण?

लुंबिनी : आई म्हणून सांगायचं.

प्रभावती : कुणाची? निखिलची आई तर वर राहते.

लुंबिनी : माझी.

प्रभावती : तो रकाना नसतो त्यात. उजवी घे गं.

लुंबिनी : पेन्सिल परत एकदा करून दाखवा आधी.

प्रभावती : तीनदा दाखवली. तासभर झाला, तू डावीकडेच घुटमळतेयस. जेवताना पण तेच. तुझी इतक्या वर्षांची खुर्ची सोडून फ्रिजजवळ बसतेस, दार उघडलं की कोपराला लागतं, तरी तिथेच. काय आहे डावीकडे?

लुंबिनी : काही नाही.

प्रभावती : मग दे ती कात्री इकडे. माझं मी करते. हे टोक बघ, लहानपणापासून उभंच राहतं. शेंडीसारखं. पाणी लावा, तेल लावा, उभंच. मुळापासून कापून टाकते.

लुंबिनी : नको! आई, ठेवा ती कात्री. ठेवा म्हणते ना!

प्रभावती : काहून? ओरडतेस काय अशी?

लुंबिनी : ते नका कापू.

प्रभावती : अगं, भुवईचे चार केस आहेत.

लुंबिनी : त्याला पण होतं.

प्रभावती : असं टोक?

लुंबिनी : उजवीलाच. तसंच उभं. लग्नानंतर एकदा तो झोपला होता, रविवार होता. मी छोटी कात्री घेऊन बसले. म्हटलं, गुपचूप कापून टाकावं. तर डोळे मिटलेलेच आणि म्हणतो, "खबरदार. ती आईकडून आलीय."

प्रभावती : असं म्हणाला?

लुंबिनी : हो. आणि आज तुम्ही समोर बसलात. डावी झाली. मग मी या बाजूला आले, तुम्ही डोळे मिटून घेतलेत, आणि ती भुवई. मला वाटलं, झोपलाय.

प्रभावती : लुंबिनी.

लुंबिनी : क्षणभरच. मग म्हटलं, लाली उतरू दे.

प्रभावती : म्हणून फ्रिजजवळ बसतेस.

लुंबिनी : तिथून तुमची डावी बाजू दिसते. तिथून तुम्ही फक्त तुम्ही असता.

प्रभावती : आणि मी मनात म्हणायचे, पोरीला माझ्या शेजारी बसवत नाही आता. निखिल ठरला, मन उडालं.

लुंबिनी : नाही हो, आई. मन उडालं असतं तर बरं झालं असतं.

प्रभावती : डोळे पूस. नाही, दाब. तुझ्या डोळ्यांत का पाणी आलं? तुझ्या भुवया कोण करतंय?

लुंबिनी : आई, मी उद्या नाही गेले तर?

प्रभावती : कुठे?

लुंबिनी : विहारात. निखिलला मी सांगेन, तो समजून घेईल. बाबांनाही सांगते. मी इथेच राहते. तुमच्याजवळ. तिथे त्या घरात कुणाच्याच तोंडावर त्याचं काही नाही, सगळे अनोळखी. इथे निदान...

प्रभावती : इथे निदान माझी भुवई आहे.

लुंबिनी : हो.

प्रभावती : आणि ती बघत तू म्हातारी होणार? ती आत्ताच पांढरी व्हायला लागलीय. वेडी.

लुंबिनी : मग काय करू मी? तुम्ही पण रोज ती बघता ना आरशात?

प्रभावती : मी आरसा बघतच नाही, बाळा. मानेसर झाल्यापासून आज पहिल्यांदा बघितलं आरशात. तू बसवलंस म्हणून.

लुंबिनी : आपण असं का म्हणतो, आई? मानेसर झालं. मानेसरच्या आधीचा फ्रिज, मानेसरनंतरची कामवाली. माझ्या ऑफिसातली एक मुलगी तिथूनच येते. तिनं गावाचं नाव घेतलं की मी उठून पाणी प्यायला जाते. गावानं काय केलंय?

प्रभावती : काही नाही केलं. धुकं होतं, कंपनीची बस होती. गाव बिचारं तिथेच होतं.

लुंबिनी : मग?

प्रभावती : मग काय. दुसरा शब्द कुणी आधी काढायचा, म्हणून राहिलं. मला वाटायचं, हे काढतील. ह्यांना वाटलं असेल, मी.

लुंबिनी : आणि मला वाटायचं, मी काढला तर तुम्ही म्हणाल, हिला घाई झाली.

प्रभावती : ये. इकडे ये, उजवीकडे बस. बघ माझ्याकडे. नीट बघ. बघितलीस?

लुंबिनी : हो.

प्रभावती : भुवई किती दिवसांत वाढते परत?

लुंबिनी : तीन-चार आठवड्यांत.

प्रभावती : ते टोक पण?

लुंबिनी : ते पण.

प्रभावती : मग वाढली की करायला ये. दर महिन्याला. मी नाही येणार तुमच्या गेटवर, तू ये. आपला गार्ड काही लिहून घेत नाही. पण आज ती कर. उद्या माझी दोन्हीकडची भुवई सारखी हवी. तुझी आई म्हणून उभी राहायचंय मला.

लुंबिनी : हात नाही उचलत माझा. त्याला काय वाटेल, आई? तो...

प्रभावती : तो काही म्हणणार नाही.

लुंबिनी : तुम्हाला काय माहीत?

(बाथरूममधला नळ बंद झाल्याचा आवाज.)

प्रभावती : धम्मदीप वारला, लुंबिनी. आपला धम्मदीप वारला गं. तू आता काही बोलू नकोस. दोरा धर दातात. मी ताणून धरते.