जनूभाऊंचं चूलबंद

मुखाने नाव, हाताने टाळी… आवाज फार बारीक येतोय मंडळी, जेवून आलात वाटतं! पुन्हा एकदा. हां, आता कसं! आता देवालाही कळलं, आपल्या दारात माणसं बसलीत.

आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. सोपा आहे, घाबरू नका. गाव कुणाचं? कोण म्हणालं 'आमचं'? तुम्ही का, काका? कधीपासून? जन्मापासून! बरं. आणि तुमचे आजोबा? ते पलीकडच्या बंदरातून होडीत बसून आले. म्हणजे आजोबा उपरे आणि नातू मालक! पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुमचं बिऱ्हाड तर मागच्या दिवाळीत आलं. तर सांगा, आधी आला त्याचं गाव, की नंतर आला त्याचं? मी उत्तर देणार नाही. उत्तर देतील जनूभाऊ नागवेकर. त्यांचं आख्यान ऐका.

खारबंदर नावाचं एक गाव. पुढे दर्या, मागे डोंगर, मधे माडांची बाग आणि बागेतून जाणारा एक रस्ता. रस्ता कसला — दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर एकाने माघार घ्यायची आणि दुसऱ्याने त्याला तंबाखू द्यायची. दिवसाला दोन एसट्या. सकाळची गाडी घाटात वाजली की गावातल्या बायका चुलीवर भात ठेवायच्या. रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलेलं असायचं. ड्रायव्हर खाली उतरायचा आणि त्याला नावाने हाक मारून उठवायचा. मग गाडी पुढे!

आणि मग, मंडळी, कुणीतरी तिथला सूर्यास्त पाहिला. पाहिला तर पाहिला, घरी जाऊन गप्प बसावं! छे. चार जणांना सांगितला. झालं! खाडीवर पूल आला, रस्ता रुंद झाला, हॉटेलं आली आणि बागेच्या टोकाला सात इमारतींचं सिंधुसागर संकुल उभं राहिलं. बघता बघता आठशे माणसांचं गाव चार हजारांचं झालं. आता हॉर्न दिवसभर. बायकांनी भात ठेवायचा कधी?

जनूभाऊ त्या रस्त्याच्या कडेलाच राहायचे. वय अडुसष्ट, बाग माडा-पोफळीची, माणूस सरळ, पण जिभेला धार. सकाळी ओट्यावर बसायचे आणि प्रत्येक गाडीमागे एक शिवी द्यायचे. आधी मोठ्याने द्यायचे, पण गाड्या इतक्या वाढल्या की घसा बसला. मग मनातल्या मनात. रस्ता ओलांडायचा असला की छत्री आडवी धरून, डोळे मिटून चालू लागायचे. आजवर वाचले कसे, ते देवाला ठाऊक!

"या संकुलवाल्यांनी गाव खाल्लं," असं ते बायकोला रोज सांगायचे. इंदूताई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "त्यातल्या एकाशी तरी कधी बोललात का?"

"उपऱ्यांशी काय बोलायचं!"

असे हे जनूभाऊ. त्यांची एकुलती एक लेक शर्वरी. तिचं लग्न ठरलं. मुलगा खाडीपलीकडचा, सौमित्र नावाचा, गुणी. आता लग्न म्हटलं की आमंत्रण आलं. शर्वरी म्हणाली, "बाबा, पत्रिका छापू या."

जनूभाऊ ताडकन उठले. "नागवेकरांच्या सात पिढ्यांत कुणी पत्रिका छापली नाही. गावाला चूलबंद द्यायचं!"

चूलबंद म्हणजे काय, माहीत आहे ना? माना हलवताय, पण चेहरे कोरे आहेत. सांगतो. चूलबंद आमंत्रण म्हणजे घरातल्या सगळ्यांना आमंत्रण — म्हातारी, पाळण्यातलं पोर, आलेला पाहुणा, सगळ्यांना. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. पेटवलीत, तर बोलावणाऱ्याचा अपमान! आणि बोलावणाऱ्याच्या दारातून एक जरी माणूस उपाशी गेला, तर त्याच्या घराण्याचं नाव गेलं. खारबंदरात हे आमंत्रण तात्या गुरव द्यायचे. देवळाच्या पारावर उभं राहून ढोल वाजवायचा, मोठ्याने पुकारायचं. ज्याच्या कानावर पडलं, त्याला आमंत्रण पोचलं. कागद नाही, फोन नाही.

जनूभाऊंनी आचाऱ्याला आठशे पानं सांगितली. जुनी घरं एकशे बेचाळीस, लेकी-सुना धरून आठशे. हिशेब चोख.

आता इकडे तात्या गुरव पारावर चढले. ढोल वाजवला, हात वर केला, "ऐका हो ऐका," म्हणाले — आणि समोरून ट्रक गेला. पुन्हा म्हणाले, सहलीची बस गेली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर खाली उभा असलेला मोटारवाला विचारतो, "काका, बीच कुठे?" तात्या बिचारे खाली उतरले आणि भाजीच्या टेम्पोवाल्याकडे गेले. त्याच्या टेम्पोवर भोंगा होता. "मला कोळीवाड्यापर्यंत घेऊन चल," म्हणाले.

कोळीवाडा म्हणजे पारापासून हाकेच्या अंतरावर. पण मंडळी, रस्ता आता एकेरी झालेला! सरळ जाता येत नाही. डावीकडे वळायचं, नवीन चौकातून सिंधुसागर संकुलाला पूर्ण वळसा घालायचा, मग कोळीवाडा. टेम्पो निघाला. तात्यांनी भोंगा एकदा सुरू केला, तो बंद कसा करायचा ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सातही इमारतींखालून पुकारा करत गेले — "नागवेकरांकडे लग्न, रविवारी, गावाला चूलबंद हो!"

जनूभाऊ ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांना यातलं काहीही माहीत नाही.

रविवार उजाडला. मांडव सजला, सनई सुरू झाली, काळ्या वाटाण्याच्या आमटीचा वास गल्लीभर पसरला. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. साडेअकरा झाले, नवरदेव नाही! फोन केला. व्याही म्हणाले, "अहो, पुलावर अडकलोय. तासभर झाला, गाडी बोटभर हलत नाही."

जनूभाऊंचा संताप अनावर झाला. "माझ्या पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा यांना समुद्रच बघायचाय! थांबा, एकेकाला सांगतो." छत्री उचलली, धोतराचा सोगा खोचला, निघाले पुलाकडे. रस्ताभर गाड्या, बंपरला बंपर. पहिल्या गाडीच्या काचेवर त्यांनी छत्रीची मूठ वाजवली. काच खाली आली. आत एक टकले गृहस्थ, शेजारी बायको जरीच्या साडीत, मागे दोन मुली, मांडीवर आहेराची पिशवी.

"कुठे निघालात?" जनूभाऊ गरजले.

"लग्नाला. नागवेकरांकडे. तुम्हीही तिकडेच का काका? या ना, बसा मागे, ऊन फार आहे."

अरे देवा! यजमानालाच त्याच्या घरच्या लग्नाला घेऊन जायला निघालेत!

जनूभाऊ दुसऱ्या गाडीपाशी गेले. तिथेही तेच. "नागवेकरांकडे. चालत पाच मिनिटंच लागतात, गाडीला एकेरी रस्त्याने पुलापर्यंत वळसा पडतो, पण लग्नाला चालत जाणं बरं दिसत नाही ना." तिसरा स्कूटरवर, नव्या कपड्यांत, कपाळाला हात लावून बसलेला. म्हणाला, "काका, चूलबंदमध्ये चहासुद्धा चालत नाही ना? सकाळपासून घेतला नाही. डोकं ठणकतंय."

आता मात्र जनूभाऊंच्या डोक्यात उजेड पडला. सातही इमारती निघाल्या होत्या! आठशे पानं आणि ही एवढी माणसं! पण मनात वाक्य तयार होतं — 'आमंत्रण गावाला होतं, तुम्हाला नव्हतं.' आता पुढच्या गाडीला हेच सांगायचं. ती गाडी परत फिरली की तिच्यामागची फिरेल. चौथ्या गाडीची काच खाली आली. आत एक म्हातारी, काठापदराचं लुगडं, डोक्यावर पदर. सोबत मुलगा. परभणीकडची. नाव मालतीबाई.

जनूभाऊंनी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. "भाऊ, नागवेकरांचा मांडव अजून किती लांब हाय? आमच्याकडं बी असतंय चूलबंद. या बिल्डिंगीतल्या लोकांना ठावं नव्हतं. मीच दारोदार जाऊन सांगितलं, बाबांनो, गॅस पेटवू नका, त्या घरचा अपमान व्हतो."

जनूभाऊंनी छत्री खाली घेतली.

"सहा वर्सं झाली इथं येऊन," ती म्हणाली. "लेक कामावर जातो, मी खिडकीत बसते. सहा वर्सांत या गावात मला कुणी पाणी प्यायला बी बोलावलं न्हाई. परवा भोंगा ऐकला आन् मी खिडकीत उभी राहून रडले बगा."

मंडळी, ते तयार वाक्य घशात आलं होतं. जनूभाऊंनी ते गिळलं. माणसाला स्वतःची लाज वाटते ना, तशी त्यांना लाज वाटली, भर रस्त्यात, भर उन्हात. सहा वर्षं ही बाई त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर बसली होती आणि ते तिला मोजत होते गाड्यांमध्ये!

"मीच नागवेकर," ते म्हणाले. "उतरा खाली, आई. गाडी राहू दे इथेच. चालत या."

तशी एकेक दारं उघडायला लागली. टकले गृहस्थ उतरले, स्कूटरवाला उतरला. जनूभाऊ पुलावर पोचले, नवरदेवाला बसमधून खाली उतरवलं आणि गाड्यांच्या मधल्या फटीतून वरात निघाली. घोडा नाही, बँड नाही. मागे अडकलेले पर्यटक हॉर्न वाजवतायत, त्यावर व्याही नाचतायत! चौकातल्या हवालदाराने शिट्टी तोंडातून काढली आणि टोपी सारखी केली. बारा वाजून आठ मिनिटांनी नवरदेव बोहल्याशी! अंतरपाट सुटला, अक्षता पडल्या, लग्न लागलं.

सुटलो म्हणताय? थांबा. खरं संकट आता.

दुसरी पंगत बसली आणि आचारी जनूभाऊंच्या कानाशी लागला. "भाऊ, आमटी मी हात सैल सोडून केलीय, पाणी-मीठ घालून पुरवतो. पण भात या पंगतीला संपतोय. बाहेर अडीच-तीन हजार माणूस आहे."

जनूभाऊंचे चुलतभाऊ विसूभाऊ फार हुशार. अशी हुशार माणसं प्रत्येक घरात एक असतात, तुमच्याकडेही असतील. ते म्हणाले, "फाटक लावून घे. आपली जुनी माणसं आत जेवतील. बाकीच्यांना आइस्क्रीमचा एकेक कप दे आणि हात जोड. शिकलेली माणसं आहेत ती, भांडणार नाहीत. मुकाट्याने जातील."

आणि खरंच गेली असती, मंडळी! एक शब्द न बोलता गेली असती. जनूभाऊंनी फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेर सावलीत मालतीबाई उभी. पोटात सकाळपासून काही नाही, आणि तोंडावर एवढं कौतुक! मांडवाची झालर बघत होती.

जनूभाऊ चढले बोहल्यावर. भटजींच्या हातातून माइक घेतला. आजवर गावापुढे मान खाली घातली नव्हती या माणसाने.

"मंडळी," ते म्हणाले, "चूलबंद मी दिलं आणि जेवण केलं आठशे माणसांचं. कारण गाव म्हणजे आपली एकशे बेचाळीस घरं, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला परत पाठवायचं माझ्या मनात आलं होतं. तेही सांगून टाकतो, पोटात ठेवून पोरीला आशीर्वाद देता येणार नाही. माझा भात संपला. आमटी आहे, बुंदी आहे. चूलबंद मीच मोडतो. ज्याला जमेल त्याने घरी जाऊन चूल पेटवा, भात करा आणि इथे घेऊन या. आपण सगळे मिळून जेवू. कुणी उपाशी जाऊ नका, एवढी भीक घाला."

विसूभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. पाहुण्यालाच भात रांधायला लावतो, हा कसला यजमान!

तेवढ्यात फाटकातून मालतीबाईचा आवाज आला. "कुकरात मावंल तेवढा टाकते. चालंल ना?"

आणि मग काय विचारता! जिने धडाधडा वाजायला लागले. जुन्या घरांतल्या बायका उठल्या, नव्या इमारतींतल्या उठल्या. ज्यांना कोण कुठल्या माळ्यावर राहतं ते ठाऊक नव्हतं, त्या एकमेकींना विचारतायत, "तुमचा गॅस मोठा आहे का हो?" हजार चुली पेटल्या. तासाभरात पातेली निघाली — डोक्यावर, काखेत, दोघींनी दोन बाजूंनी धरलेली. सगळी चालत आली, कारण गाड्या अजून पुलाजवळ तशाच उभ्या! कुणाचा बासमती, कुणाचा उकडा, कुणाचा मऊ, एकीचा तर खाली लागलेला. सगळा एका ताडपत्रीवर ओतला. त्यात कुणाचा कुठला, हे ओळखून दाखवा!

शेवटची पंगत साडेचार वाजता उठली. तेव्हा जनूभाऊ पानावर बसले आणि त्यांच्या समोर मालतीबाईने भात वाढला. इंदूताई शेजारी बसून नवऱ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्ही लग्न लावलंत असं वाटलं. आपलं लागलं तेव्हा तर तुम्ही रुसूनच बसला होतात."

आता विचाराल, खारबंदरातली गर्दी कमी झाली का? छे हो! कीर्तनाने ट्रॅफिक सुटलं असतं, तर मला चौकातच उभं केलं असतं. गर्दी वाढलीच. उलट आता जनूभाऊ स्वतःच रस्ता अडवतात. गाडी आली की छत्री आडवी. काच खाली येते. "जेवलात का?" मागे दहा गाड्या हॉर्न वाजवतात, पण हे उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

आणि आता तुमच्याकडे वळतो. जनूभाऊंना हसलात ना? पोट धरून हसलात! सांगा बरं, तुमच्या समोरच्या दारात कोण राहतं? पाटीवरचं आडनाव नको, माणूस सांगा. गर्दी वाढली म्हणून आपण देवापुढे गाऱ्हाणं घालतो. अरे, ज्याला आपण गर्दी म्हणतो, त्यातला प्रत्येक जण कुठल्यातरी खिडकीत बसून एका हाकेची वाट बघतोय. आणि आपल्याला त्याची गाडी दिसते, नंबरासकट दिसते, माणूस दिसत नाही.

गजर म्हणायचाय. पण आधी एक काम. टाळ थांबवा, पेटी थांबवा. डाव्या हाताला जो बसलाय, त्याच्याकडे तोंड करा आणि त्याचं नाव विचारा. लाजू नका, विचारा. मी थांबतो, देवही थांबेल, त्याला कुठे गाडी पकडायचीय?

विचारलंत? सगळ्यांनी? नाही, सगळ्यांनी नाही. त्या मागच्या खांबाशी एक आजी बसल्यात, त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला कुणीच नाही. उठा कुणीतरी. हां, जा ताई, बसा त्यांच्याजवळ. विचारा नाव.

काय म्हणाल्या? मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू दे. बरं. आता म्हणू या देवाचं नाव.