थांबली तिथे टाळी

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या नाट्यसंस्थेचे नाना, प्रमुख पाहुणे, अर्थात याच तलावात निम्म्या गावाला पोहायला शिकवलेले मास्तर, आजच्या सत्कारमूर्ती, आणि या कोरड्या जलतरण तलावाच्या उतारावर खुर्च्या घसरू नयेत म्हणून पाय रोवून बसलेल्या रसिकहो,

मघाशी माझी ओळख ‘तडफदार तरुण कार्यकर्ता’ अशी करून दिली गेली. नानांचा मी आभारी आहे. घरी यालाच ‘कॉलेज अर्धवट सोडलेला’ म्हणतात. तडफ होती, नाही असं नाही. आज ती घरी ठेवून आलोय. खरं सांगू? फार दमलोय. परवापासून डोळ्याला डोळा नाही.

सत्कारमूर्तींना आपण सगळे भिंगरी म्हणतो. पायालाच भिंगरी लागलेली, दुसरं काय म्हणणार? आपल्या संस्थेला हक्काचा रंगमंच कधी मिळाला नाही, तेव्हा तिने एक पद्धत काढली. नाटकासाठी जागा शोधायला निघायचंच नाही. नुसतं निघायचं, दोघांनी. कुठे जायचं ते ठरवायचं नाही, चालताना बोलायचं नाही. ज्याचे पाय आपोआप थांबतील त्याला ‘का रे थांबलास?’ असं विचारायचं नाही. दुसऱ्याने एक टाळी वाजवायची आणि आवाज कसा परत येतो ते ऐकायचं. बस्स.

वडिलांनी एकदा विचारलं, “दिवसभर करतोस तरी काय?”

म्हटलं, “चालतो.”

“कुठे?”

“ते ठरवायचं नसतं.”

त्यावर आई आतून म्हणाली, “अहो, निदान चालतोय तरी! कॉलेजात नुसता बसून होता.”

पण त्या भटकण्यातून काय काय हाती लागलं! बंद पडलेल्या लॉण्ड्रीतल्या कपडे वाळवायच्या तारांना आपण पडदे टांगले. बसगाड्या दुरुस्त करायच्या खड्ड्यात दरबार भरवला, राजा खड्ड्यात आणि प्रजा वर. आठवतंय ना? आणि मी हा असा तापट डोक्याचा. रखवालदाराने हटकलं की माझ्या बाह्या वर. ती मात्र त्याच्याच स्टुलावर बसून त्याच्या पोरांची चौकशी करायची. बाहेर पडलं की मला ऐकवायची, “जागा मागायला आलो होतो की जिंकायला?”

तर मागच्या हिवाळ्यातली एक दुपार. आम्ही दोघं निघालो. कारखान्याची मागची भिंत गेली, भंगाराची दुकानं गेली, आणि या तलावाच्या काठावर, त्या शिडीपाशी (हो मास्तर, जिथून तुम्ही पोरांना ढकलायचात तिथेच) ती थांबली. माझ्याकडे वळली. काही बोलायला तोंड उघडलं.

मी टाळी वाजवली.

आवाज असा घुमून आला की अंगावर काटा आला! मग मला कसलं भान? उड्या मारत खाली उतरलो. प्रेक्षक उतारावर, नट खोल बाजूला, दिवे काठावर... मी आपला बडबडतोय. ती वर बसून “हो”, “छान”, “बघू” म्हणतेय. पुढे इथेच आपलं सगळ्यात गाजलेलं नाटक झालं. तुम्हीच ते डोक्यावर घेतलंत.

परवा तिच्याकडे सामान बांधायला गेलो होतो. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाने तिला व्यवस्थापक म्हणून बोलावलंय. आपल्याला अभिमान आहे, वगैरे वगैरे. ते नाना माझ्यापेक्षा बरं सांगतील. मी सुतळी आवळता आवळता चिडून म्हणालो, “ठरलेला रंगमंच, ठरलेल्या खुर्च्या. तिथे तू करणार काय?”

“बसणार,” ती म्हणाली. “दमले रे. टाचा गेल्या माझ्या.”

“आणि तलावासारखी जागा पुन्हा सापडेल?”

ती हसली. “तलावापाशी मी जागा म्हणून थांबलेच नव्हते, शहाण्या. तुला काहीतरी सांगायचं होतं. तू टाळी वाजवलीस.”

“काय सांगायचं होतं?”

“आता काय त्याचं? नाटक झालं की.” आणि खोक्यावर चर्रकन चिकटपट्टी ओढली.

रसिकहो, तुम्हीच सांगा, यानंतर माणसाला झोप लागेल? ज्या जागेवर आपण वर्षभर खूश होतो, ती कुणाचं तरी वाक्य तोडून मिळाली होती. मला तर रागही धड येत नाही. काढायचा कुणावर? नियमावर? तो तिनेच केलेला. टाळीवर? ती तर उत्तम घुमली.

असो. मास्तर शिट्टीकडे हात नेतायत, म्हणजे मला पाण्याबाहेर यायला हवं. भिंगरीच्या टाचांना आराम पडो, नव्या ठिकाणी जिने कमी असोत. मास्तरांनी तलावाची किल्ली दिली आणि नानांनी हा माईक माझ्या हाती देण्याचं धाडस केलं, दोघांचाही ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर माझं वय आणि जागरण बघून पोटात घाला.

यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. ती इथे येईल, बोलण्याआधी जरा थांबेल. तिची ती सवयच आहे. माझी एवढीच विनंती, त्या वेळी कृपा करून कुणीही टाळी वाजवू नका.

मी तिथे, शिडीपाशी जाऊन उभा राहतो.