टाके कोरडे ठेवा

…आणि विचारायचं तरी कुणाला, तुम्हीच सांगा! आईला विचारलं की आई म्हणते, "तू जाय, अभ्यास कर." शेजारच्या बबिता काकूला विचारलं की काकू पदर तोंडाला लावून हसते. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बघावं, तर त्यात सगळं फुलाचंच आहे. फुलाचं फळ होतं, आणि फुलाला काही होत नाही, ते आपलं गुमान गळून पडतं. आणि आमची दीपमाला ताई बाळंत झाली, तर तिला बसता येत नाही, उठता येत नाही, शिंक आली तर दोन्ही हातांनी बाज धरते!

तुम्हाला सांगते, दवाखान्यातून फोन आला तेव्हा पप्पा अंगणातून ओरडले, "पोरगा झाला! नॉर्मल झाली!" अर्ध्या अर्धापूर गावाला ऐकू गेलं असेल. आता मला एवढं तर कळतं, की पोट कापलं तर सिझर आणि नाही कापलं तर नॉर्मल. बरोबर? मग ताई घरी आली. आईच्या खांद्यावर भार टाकून, काचेवर पाय ठेवल्यासारखी चालत आली, आणि आई म्हणते, "हळू गं माय, टाके हायेत."

टाके? नॉर्मल होती ना? मग टाके कुठून आले?

मी ताईला गुपचूप वरून खालपर्यंत बघितलं. कपाळ बघितलं, हात बघितले, पाय बघितले. पप्पांच्या अंगठ्याला केळीचे घड कापताना कोयता लागला होता, तेव्हा काळ्या दोऱ्याचे टाके मी स्वतः बघितलेत. इथं दोरा नाही, पट्टी नाही, काही नाही. आणि दुखणं मात्र एवढं!

बरं, दवाखान्यातून निघताना डॉक्टर मॅडमनी आईला बरंच काही सांगितलं होतं म्हणे. पण पप्पा ऑटो थांबवून हाका मारून राहिले होते, त्यामुळं आईच्या ध्यानात एकच राहिलं… टाके कोरडे ठेवा.

झालं! लातूरहून ताईची सासू आलेली, गुणाबाई मावशी. त्यांनी पदर खोचला. "कोरडे म्हंजी कोरडे! बाळंतिणीला पाणी द्यायचं न्हाई. पाणी पिलं की आतून ओल सुटती, टाके पिकतेत." आणि पप्पा, जे एरवी बायकांच्या बोलण्यात पडत नाहीत, ते दारातून म्हणतात, "हाव, ओल वर चढतीच. आपल्या केळीचंच बघा की, पाणी खाली सोडतो अन् पान वर तरारतं." केळीवाल्याच्या घरात ही गोष्ट कोण नाकारणार? मलासुद्धा पटली! सुकी भाकरी, सुकं खोबरं, डिंकाचा लाडू, सगळं कोरडं. आणि माठापाशी पहारा कुणाचा? माझा. "पुनम, घोटभरच. त्याच्या वर एक थेंब न्हाई."

दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या फ्रिजवर जाऊन बसल्या. का? तर "गोळी गरम पडती, दूध आटतं." आणि गोळी गरम पडते म्हणणाऱ्या याच मावशी, बरं का, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारायच्या, त्यावर ओवा अन् शेपा टाकायच्या, आणि खोलीभर असा धूर की बाळसुद्धा शिंकायचं.

"आत्या, पोळून राहिलंय!" ताई सासूला ओरडून सांगायची.

"पोळू दे. वाळून राहिलंय!"

आता मी काय समजायचं? टाके आत असतील तर त्यांना धूर कसा लागतो? बाहेर असतील तर त्यांना पिलेलं पाणी कसं लागतं? आणि मुळात नॉर्मल होती ना? मग टाके कुठून आले?

बाळाच्या पाचवीला गल्लीतल्या बायका आल्या. पाटा पुजला, बाळाला काजळ लावलं, आणि मग सुरू. "टाके हायेत का?" "हायेत की." "लई?" "लई." मी कान टवकारले. आता कुणीतरी म्हणेल, आता म्हणेल… तर सगळ्या एकदम माझ्याकडं बघायला लागल्या, आणि बबिता काकू म्हणते, "पुनम, बघ बरं, चहाला साखर हाय का." साखर होती! माझ्या हातातच होती!

पण खरं सांगू, त्याच दिवसापासून मला कसंतरी व्हायला लागलं. ताईनं जेवण सोडलं. लाडू उशीखाली लपवून ठेवायची. मी विचारलं तर हळूच म्हणते, "खाल्लं की संडासला जावं लागतं गं. मला भीती वाटून राहिली. सगळं उसवून गेलं तर?" आणि रडायला लागली. ती रडते म्हणून बाळ रडतं, बाळ रडतं म्हणून मावशी अजून ओवा टाकतात. मग ताई म्हणाली, "पुनम, पाणी दे गं. तोंड पार सुकलंय." मी दाराकडं बघितलं, माठाकडं बघितलं, ताईच्या ओठांकडं बघितलं… आणि पूर्ण ग्लास दिला.

तुम्हाला सांगते, ग्लास खाली ठेवला नाही, तोच ताईला उठावं लागलं. आणि मागच्या संडासातून अशी किंकाळी आली, की माझ्या हातातला ग्लास घरंगळत चुलीपर्यंत गेला. "टाके गेले!" आई ओरडली. "टाके गेले!" मावशी ओरडल्या. आणि मी मनात म्हटलं, मीच घालवले. एका ग्लासानं.

लगेच ऑटो, लगेच नांदेडचा तोच दवाखाना. ताई एका मांडीवर तोलून बसलेली, पुढं केळीचा ट्रक, आणि प्रत्येक गतिरोधकाला पप्पा ऑटोवाल्याला म्हणतात, "अरे हळू, आत माणूस हाय!" जसं काही इतर वेळी केळी असतात.

मॅडमनी पडद्याआड तपासलं. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "टाके छान आहेत. पण पोट किती दिवसांचं गच्च झालंय! ही पाणी किती पिते?"

आई मावशींकडं बघते, मावशी पंख्याकडं बघतात. आता मी कशी आहे, तर वर्गात हजेरीला इतकं हळू 'हजर' म्हणते, की बाई गैरहजर मांडतात. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी भरल्या दवाखान्यात ओरडलेच, "मॅडम, एक ग्लास! मीच दिला! पण नॉर्मल होती ना? मग टाके कुठून आले?"

मला वाटलं, आता रट्टा बसतो. मॅडम मात्र खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि सरळ सांगितलं. बाळ ज्या वाटेनं येतं, ती वाट कधी ताणून फाटते, कधी आम्हीच थोडी कापतो, मग तिथं टाके. पोटात पिलेलं पाणी तिथं जात नाही. कोरडं म्हणजे धुऊन अलगद टिपायचं, धूर द्यायचा नाही. पाणी भरपूर, म्हणजे शौचाला त्रास होत नाही. कोमट पाण्याच्या टबात बसायचं. "आणि गोळ्या दिल्यात त्या घ्यायच्या. या गोळ्यांनी दूध आटत नाही. दुखण्यानं आणि उपाशी राहण्यानं मात्र बाईचे हाल होतात."

मावशी हळूच म्हणाल्या, "मला तर कुणी टाके घातलेच न्हाईत. महिनाभर पालथी निजले मी." आणि घरी आल्या आल्या शेगडी त्यांनीच उचलून बाहेर नेली.

मग कपड्यांचा निळा टब धुऊन काढला, त्यात कोमट पाणी, त्यात ताई. डोळे मिटून म्हणते, "हाय गं… बरं वाटून राहिलंय." गोळी घेतली, तांब्याभर पाणी प्याली, वरण-भात खाल्ला, आणि बाळाला पहिल्यांदा बसून पाजलं! मला एवढा आनंद झाला, की मी, म्हणजे मी, उभी राहून तिला सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. पंख्याकडं बघणाऱ्या मावशी, केळी सांगणारे पप्पा, साखरवाली काकू… ताई हसली. इतकी हसली, की "आई गं!" करून बाजेला धरलं.

लगेच आई धावत आली. "पुनम! गप बस! हसली की टाके दुखतेत तिचे. ते विरघळेपर्यंत या खोलीत तोंड उघडायचं न्हाई!"

बघा म्हणजे! जन्मभर सगळे म्हणाले, पोरगी बोलत नाही, पोरगी बोलत नाही, आणि बोलले तर असं. म्हणून हे सगळं सांगायला तुमच्याकडं आले. पण हसायच्या आधी एकदा सांगून टाका बाई… तुमच्यापैकी कुणाला टाके तर नाहीत ना?